एस्तेरबाईंची तिसरी पायरी

एस्तेरबाईंनी कॅन्टीनमध्ये मीठ मागितलं की शेजारच्याची आमटी गार व्हायची. हे मी ऐकीव सांगत नाही, सात वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवलोय. आधी त्या आपला हात ताटावरून मागे घ्यायच्या, मग माझ्याकडे बघायच्या आणि माझ्या तोंडातला घास गिळून होईपर्यंत थांबायच्या. मग म्हणायच्या, "संपतराव, तुमच्या जेवणात व्यत्यय आणते, पण ती मिठाची डबी इकडे देता येईल का तुम्हाला?" डबी त्यांच्या कोपरापासून वीतभर लांब असायची. मी ती सरकवली की "आभारी आहे". आणि डबी रिकामी निघाली तर "तरीही आभारी आहे". रिकाम्या डबीबद्दल आभार मानणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर पाहायची इच्छाही नाही.

त्या सगळ्यांना अहो-जाहो करत. झाडलोट करणाऱ्यांना, वॉचमनला, कॅन्टीनच्या मांजरालासुद्धा. "जरा बाजूला व्हाल का?" असं मांजराला विचारून त्या खरोखर उभ्या राहायच्या, आणि मागे पन्नास माणसं ताटं घेऊन खोळंबायची. मांजर कधीच बाजूला होत नसे. मग बाई त्याला वळसा घालून जायच्या, आणि त्यांच्या मागून आम्ही सगळे.

आमचा कारखाना रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत. मालक इटालियन. बाटल्यांना झाकणं लावायची यंत्रं आम्ही बनवतो. एस्तेर साळवे शिरूरच्या, जुन्या मिशन कंपाउंडमधल्या. साठीला टेकलेल्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पर्समध्ये छोटं बायबल. रोज सकाळी गेटवर सगळ्यांना "सलाम" म्हणून आत जायच्या. कारखान्याची इमारत बांधायचं काम चालू होतं तेव्हाचा पहिला इटालियन साहेब शिरूरला भाड्याच्या बंगल्यात राहायचा. त्याच्या बायकोला इंग्रजीचा गंध नव्हता. दिवसभर घरात एकटी बसून ती बाई वेडी व्हायची वेळ आली, म्हणून सोबतीला कुणीतरी हवं होतं. एस्तेरबाईंची शाळेतली कारकुनी नुकतीच सुटली होती. त्या गेल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. तरी चार वर्षं दोघी एका स्वयंपाकघरात राहिल्या आणि त्यातून बाईंना जी आली ती त्यांची इटालियन.

म्हणजे ती भाषा सगळी ओट्याजवळची. यंत्राच्या एकाही सुट्या भागाचं नाव बाईंना येत नव्हतं. पण जरा सरकाल का, झाकण काढून देता का, आज वांगी नकोत, राग मानू नका, नाही जमलं तरी चालेल, हे मात्र त्या इतकं अस्खलित बोलायच्या की नवे आलेले इटालियन कान टवकारायचे. आमच्या बायकासुद्धा इतक्या अदबीनं बोलत नाहीत, असं एकाने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, आमच्याही नाही.

पहिला साहेब परत गेला तेव्हा कंपनीने बाईंना रिसेप्शनवर घेतलं, आणि इटलीला ट्रेनिंगला जाणाऱ्यांना भाषा शिकवायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. दर बुधवारी पहिली शिफ्ट सुटली की आमचा वर्ग. आम्हाला वाटलं, पाना, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांना काय म्हणतात ते शिकवतील. तीन महिने झाले तरी आम्ही पाना मागायलाच शिकत होतो, पान्याचं नाव अजून आलंच नव्हतं.

त्यांच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी मागण्याची. "व्होर्रेई" म्हणायचं, म्हणजे मला हवं होतं, मला हवंय असं नाही. त्याआधी "मी स्कूझी", म्हणजे माफ करा. आणि मागणी अशी करायची की समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे. दुसरी पायरी नकाराची. "मी दिस्प्याचे", म्हणजे वाईट वाटतं, मग स्वच्छ नाही आणि लगेच कारण. कारणाशिवाय नकार द्यायचा नाही. तिसरी पायरी पुन्हा मागणाऱ्याची. नकार मिळाल्यावर म्हणायचं, "ग्रात्सिए लो स्तेस्सो". नाही दिलंत, तरीही आभार.

ही तिसरी पायरी आम्ही हमखास विसरायचो. नकार मिळाला की आमची माणसं तोंड पाडून निघतात, तसे आम्ही वर्गातही निघायचो. मग बाई एक बोट वर करून थांबायच्या. ओरडायच्या नाहीत, आठवण करून द्यायच्या नाहीत. नुसतं बोट. समोरचा ते तीन शब्द म्हणेपर्यंत बोट खाली यायचं नाही. एकदा आमचे विठ्ठलनाना हट्टाला पेटले. नाना वरवंडचे, सगळ्यात जुने फिटर. ते काही केल्या म्हणेनात आणि बाई काही केल्या बोट खाली घेईनात. बस सुटायची वेळ झाली.

"बाई, त्यानं पाना दिला न्हाई, आन् मी त्याचंच आभार मानू? कशापायी?" नाना म्हणाले.

"उद्या परत त्याच्याकडेच जायचंय म्हणून," बाई म्हणाल्या.

नानांनी शेवटी म्हटलं, पण असं म्हटलं की शिवी वाटावी.

एकदा मेहुणीच्या साखरपुड्याला मला तीन दिवसांची रजा हवी होती. आमचे तेव्हाचे आणि आताचेही प्लँट हेड फाब्रिझिओ साहेब. सगळे त्यांना फाब्रीसाहेब म्हणतात. म्हटलं, इटालियनमध्ये अर्ज दिला तर साहेब खूश होईल. मी लिहिलं आणि बाईंना तपासायला दिलं. त्यांनी तीनदा परत केलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. म्हणाल्या, "संपतराव, यात साहेबांना नाही म्हणायला जागाच नाही." मी म्हटलं, बाई, तेच तर पाहिजे! पण त्या ऐकेनात. शेवटी त्यांनी स्वतःच दोन ओळी घातल्या, की आपल्याला अडचण असेल तर मी समजू शकतो. साहेबाने अर्ज वाचला, ती जागा त्याला बरोबर सापडली आणि त्याने "मी दिस्प्याचे" म्हणून कारणासकट नाही सांगितलं. त्या आठवड्यात ऑडिट होतं. मी चरफडत बाहेर निघालो तर दारात बाई बोट वर करून उभ्या. मला परत फिरून, साखरपुडा हुकवणाऱ्या माणसाचे आभार मानून यावं लागलं. घरी बायको आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिला कुठल्याच भाषेतली कुठलीच पायरी मान्य नव्हती.

आता फाब्रीसाहेबांचं. माणूस साधा, पण आमच्याकडच्या जेवणाला नवा. वरवंडच्या जत्रेला नानांनी त्याला घरी बोलावलं. बाई दुभाष्या म्हणून बरोबर, मीही होतो. साहेब दोन पोळ्या खाऊन "नो ग्रात्सिए" म्हणाला. नानांच्या मंडळींनी तिसरी वाढली. तो नको म्हणाला, चौथी आली. त्याने ताट संपवलं की नवं भरायचं, कारण ताट रिकामं ठेवलं म्हणजे पोट भरलं नाही असाच अर्थ तिथे सगळ्यांना माहीत. साहेबाला वाटत होतं, संपवलं की सुटका होईल. रस्सा, पुरणपोळी, परत रस्सा. तो घामाघूम झाला, शेवटी डोळ्यांनी बाईंकडे मदत मागू लागला. बाईंनी मध्ये पडून सांगितलं की साहेब नको म्हणतायत. नानांच्या सूनबाई म्हणाल्या, "व्हय, पयल्यांदा समदेच म्हंत्यात." आणि वाढलं. साहेब दोन दिवस कामावर आला नाही.

तिसऱ्या दिवसापासून बाईंनी त्याला शिकवायला घेतलं. आमच्या वर्गाच्या उलटा वर्ग. आमच्याकडे पहिला नको हा नको नसतो. दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे आणि अंग पुढे झुकवायचं. ताटात एक घास मुद्दाम ठेवायचा. आणि कुणी लग्नाला, बारशाला, उद्घाटनाला बोलावलं तर नाही म्हणून कुणाचं मन मोडायचं नाही. मान एका बाजूला किंचित कलती करायची, हसायचं आणि म्हणायचं, "बघू."

साहेब हुशार निघाला. महिन्याभरात त्याने असं काही बघू उचललं की आमच्या गावचा सरपंच बरा. मान तीच, हसू तेच. गणपतीची आरती? बघू. नातवाचं जावळ? बघू. कुणी दुखावलं जात नव्हतं, तो कुठे येतही नव्हता. लोक कौतुकानं म्हणायचे, साहेब आपल्यातला झाला. बाई लाजून हसायच्या.

आणि मग बसचं प्रकरण निघालं.

कंपनीची एक बस आम्हा दौंड तालुक्यातल्या बावीस जणांसाठी होती. वरवंडवरून निघून यवत, खुटबाव असं गोल फिरून ती चौफुल्यावर यायची आणि तिथून न्हावऱ्यामार्गे कारखान्यात. बातमी आली की पुढच्या महिन्यापासून ही बस बंद. मी खुटबावचा. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास किलोमीटर, तेही शिफ्टमध्ये, मोटारसायकलवर रोज जमणारं नव्हतं. शिरूरला खोली घेऊन राहावं, तर घरी आईचं अर्धं अंग गेलेलं. तिला उचलून बसवायचं, कूस बदलायची, हे बायको एकटीने करू शकत नव्हती. म्हणजे बस गेली की माझी नोकरी गेली. इतरांचीही कमी-जास्त अशीच गोष्ट होती.

अर्ज बाईंनीच लिहिला. आणि त्यात पुन्हा ती जागा ठेवली. आपल्याला अडचण असेल तर आम्ही समजू शकतो. मी आणि नाना त्यांच्याशी अर्धा तास भांडलो. आम्ही समजू शकत नाही, असं मी ओरडून सांगितलं. बाई म्हणाल्या, जागा नसलेली मागणी म्हणजे धमकी, आणि धमकीला माणूस खोटं बोलतो. आम्ही हात टेकले. बावीस जणांतले सहाजण साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. नानांनी सगळं सांगितलं, बाईंनी भाषांतर केलं. साहेबाने सगळं शांतपणे ऐकलं. मग मान एका बाजूला किंचित कलती केली, हसला आणि आमच्याच मराठीत म्हणाला, "बघू."

दुसऱ्या कुठल्या देशातली माणसं असती तर आशेनं बाहेर पडली असती. आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं. नानांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला रं. न्हाई म्हंतोय."

जिन्यात माझा तोल गेला. मी बाईंना नको ते बोललो. त्याला हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. सरळ नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं, आता कशाला धरू, हवेला? म्हणालो, "बाई, तुमच्या शिष्टाचारानं आमच्या पोटावर पाय दिला." त्या आईच्या वयाच्या होत्या. बाकीच्यांनी मला आवरलं.

बाई कठड्याला धरून परत वर चढल्या. मी मागोमाग गेलो, कशासाठी ते मलाही माहीत नाही. एवढं सगळं झाल्यावरही त्यांनी केबिनचं दार वाजवलं, आत ये म्हणेपर्यंत थांबल्या, व्यत्ययाबद्दल माफी मागितली. माझ्या जिवाची तगमग होत होती आणि ह्यांच्या पायऱ्या चालू. मग त्यांनी इटालियनमध्ये जे मागितलं ते मला समजलं, बुधवारच्या वर्गाची कृपा. त्या म्हणाल्या, मला एक विनंती करायची होती, शक्य असेल तर आपण या लोकांना नकार द्याल का?

साहेबाला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मी तुम्हाला ते पुरणपोळीसाठी शिकवलं होतं," बाई म्हणाल्या. "नोकरीसाठी नाही. इथे नाही म्हणायचं तर तुमच्या भाषेत म्हणा. कारणासकट."

साहेब कानापर्यंत लाल झाला. बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत बसला. मग "मी दिस्प्याचे" म्हणाला, नाही म्हणाला आणि कारण सांगितलं. बस गावोगाव फिरते, रोज पाव तास उशिरा पोचते, तोवर अख्खी लाइन थांबते, आणि याचा जाब त्याला वर द्यावा लागतो. आमच्या तोंडावर बोलवेना, कारण आमच्या घरी तो जेवला होता. बाईंनी ऐकून घेतलं. "ग्रात्सिए लो स्तेस्सो," म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "कारण मिळालं. आता त्याला धरा."

धरायला सोपं होतं, इतकं की आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून मला स्वतःचाच राग आला. बस गावात फिरायचीच नाही. बावीसजण आपापल्या गाड्यांवर चौफुल्याला जमणार, बस तिथून ठरल्या मिनिटाला सुटणार, मागे राहिला तो राहिला. साहेबाने तीन महिने करून बघायला परवानगी दिली. ती बस आजही चालू आहे. मी अजून त्याच कारखान्यात आहे आणि आईची शेवटची दोन वर्षं मी रोज घरी होतो.

मी बाईंची माफी मागायला हवी होती. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मनाशी जुळवत होतो, तर त्यांनी हात ताटावरून मागे घेतला आणि माझा घास गिळून व्हायची वाट बघू लागल्या. "संपतराव, तुमच्या जेवणात व्यत्यय आणते..." मी डबी पुढे केली. पुन्हा डोकं तडकलं आणि माफी राहिली ती राहिलीच.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा साहेबाने त्यांना आणखी एक वर्ष थांबायची विनंती केली, अगदी त्यांनीच शिकवल्यासारखी, जागा ठेवून. बाईंनी स्वच्छ नाही म्हटलं. कारण दिलं, की गुडघे जिना चढू देत नाहीत. साहेब म्हणाला, तरीही आभार. दोघं एकमेकांवर खूश दिसले. मला मात्र उगाच चुकल्यासारखं वाटत होतं. नंतर काही महिन्यांनी त्या कसल्याशा कागदावर सही करायला कारखान्यात आल्या. मी नेमका घराची वास्तुशांत काढली होती. खुटबावला दोन खोल्या वाढवल्या होत्या, बस वाचली म्हणूनच वाढवता आल्या होत्या, आणि बाई त्या घरात याव्यात असं मला फार वाटत होतं. शिफ्ट सुटली, बस गेटवर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी घाईघाईनं पत्रिका त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "बाई, यायचंच. न येऊन चालणार नाही. कारण-बिरण मी ऐकणार नाही."

बाईंनी पत्रिका उघडून तारीख वाचली. परत मिटली. मग त्यांची मान एका बाजूला किंचित कलती झाली, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघू."

मला इतका राग आला म्हणून सांगू! अख्ख्या कारखान्याला ज्यांनी सरळ नाही म्हणायला शिकवलं त्यांनी मला, सात वर्षं मिठाची डबी देणाऱ्याला, हे द्यावं? साहेबाला कारण, मला बघू? मी वळलो आणि बसमध्ये जाऊन बसलो.

वास्तुशांतीला त्या आल्या नाहीत. दोन महिन्यांनी शिरूरला काम निघालं तेव्हा रागातच मिशन कंपाउंडमध्ये गेलो, चांगलं सुनवायचं ठरवून. दार त्यांच्या भाचीने उघडलं. तिच्याकडून कळलं, बाईंच्या पोटात गाठ होती, ते त्यांना निवृत्तीच्या आधीपासून माहीत होतं. माझ्या वास्तुशांतीच्या दिवशीच पुण्याला त्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत. भाची म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही म्हणत होती. म्हणायची, संपतरावांना कळलं तर ते पूजा सोडून दवाखान्यात येऊन बसतील." आणि ते खरं होतं. कारण दिलं असतं तर मी ते धरलं असतं. तिथे धरण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. आणि मीच तर नाही म्हणायला जागा ठेवली नव्हती.

बाईंचा विषय निघाला की लोक ती केबिनची गोष्ट सांगतात, मीही सांगतो. पण मला दिसतं ते त्या दिवशीचं गेट. मी खिडकीशी बसलोय, फुगून. बस हलली. बाई पत्रिका छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं होतं. शेजारचा म्हणाला, बाई टाटा करतायत. टाटा नव्हता तो, मला चांगलं माहीत होतं त्या कशासाठी थांबल्यात. मी तोंड फिरवून घेतलं. बस वळली तेव्हा एकदा चोरून मागे बघितलं, तर बोट वरच होतं.

तीन शब्दांचं काम होतं. खिडकी उघडीच होती.